लाकडात उतरलेली टोपली

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचे संपादित रूप)

जेवणाच्या ताटापेक्षा थोडी मोठी, उथळ, मधे किंचित खोलगट अशी एक टोपली समोर ठेवली आहे, अशी कल्पना करा. एकावर एक असे बारीक वेढे, प्रत्येक वेढ्यावर जवळजवळ घातलेले टाके, आणि त्या टाक्यांतून उमटलेली काळी-तांबडी नक्षी. तुम्ही ती उचलायला जाता आणि हात थबकतो. वजन टोपलीचे नाही. टिचकी मारली तर आवाज लाकडाचा येतो. ही टोपली कोणी विणलेलीच नाही. मेपल नावाच्या झाडाच्या एका सलग ठोकळ्यातून ती लेथवर कातून काढलेली आहे, आणि टाके म्हणून जे दिसले त्या तापल्या तारेने डागलेल्या रेघा आहेत.

अमेरिकेत या कामाला 'बास्केट इल्यूजन' म्हणतात. आपण 'टोपलीचा आभास' म्हणू या. लिंकन सीट्झमन आणि कोलोरॅडो राज्यातले डेव्हिड निटमन यांची नावे या कामात आदराने घेतली जातात. ज्या टोपल्यांचा हा आभास असतो त्या बहुधा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे नवाहो, होपी, अपाची, ओओधाम, पोमो, वाशो अशा जमातींच्या असतात. मी हस्तकलांच्या इतिहासाचा विद्यार्थी. मला त्या लाकडी वस्तूचे कौतुक आहेच. पण ती हातात घेतली की मन त्या मूळ टोपलीकडे जाते, आणि ती विणणाऱ्या बाईकडे.

एका माध्यमातले रूप दुसऱ्यात उतरवणे ही काही आजची हौस नव्हे. आपल्या भाज्याच्या लेण्यात जा. चैत्यगृहाचे दगडी खांब आतल्या बाजूला किंचित कललेले दिसतील. दगडी खांबाला कलायचे काही कारण नाही. लाकडी मांडवाचे खांब छताचा रेटा पेलायला तसे लावत, म्हणून दगडातही ते तसेच कोरले गेले. कार्ल्याच्या चैत्यात तर डोंगरातच कोरलेल्या छताखाली खऱ्या लाकडाच्या कमानी बसवल्या आहेत. त्या कसलाही भार पेलत नाहीत. पण त्यांच्याशिवाय घर घरासारखे वाटले नसते. त्याच कार्ल्याच्या एका लेखात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दार केल्याचे नोंदले आहे. दार दगडाचे आणि करणारा सुतार! आणि टोपल्यांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाकतो, की जुन्नरच्या लेण्यांतल्या एका लेखात वंसकारांच्या, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे दानाची रक्कम ठेव म्हणून ठेवल्याचा उल्लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी बुरुडांच्या संघाकडे लोक विश्वासाने पैसे ठेवत होते. आज बुरुड आळीतून जाताना हे आठवावे.

आता तिकडच्या टोपलीकडे वळू. आपली दुरडी, रोवळी, हारा हे सारे कामट्या उभ्या-आडव्या गुंफून होते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या बऱ्याच टोपल्यांची रीत वेगळी आहे. तिथे गवताच्या किंवा काड्यांच्या बारीक जुडीचा गाभा घेतात, तो मध्यबिंदूपासून वेटोळ्यासारखा फिरवत नेतात, आणि टोच्याने भोक पाडून प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला टाके घालून शिवतात. म्हणजे ही टोपली विणलेली कमी आणि शिवलेली जास्त. ती इतकी घट्ट होऊ शकते की पाणी गळत नाही. कॅलिफोर्नियातल्या जमाती अशा टोपलीत ओकच्या फळांच्या पिठाची पेज शिजवत. टोपली चुलीवर ठेवायची नाही, चुलीतले तापलेले दगड टोपलीत सोडायचे आणि ते एका जागी राहून टोपली जळू नये म्हणून ढवळत राहायचे. मडक्यावाचून शिजवण्याची ही युक्ती मला फार आवडते.

ॲरिझोनातल्या हिला नदीकाठचे आकिमेल ओओधाम हे मुळात शेतकरी लोक. त्यांच्या नावाचा अर्थच 'नदीचे लोक'. पाणकणसाच्या चिरलेल्या देठांचा गाभा, त्यावर विलोच्या, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीतल्या झाडाच्या, पांढुरक्या पट्ट्यांचे टाके, आणि काळी नक्षी 'डेव्हिल्स क्लॉ' नावाच्या झुडपाच्या फळाच्या सालीची. हा काळा रंग लावलेला नसतो, सालच काळी असते. या झुडपाचे एक भावंड आपल्याकडे पडीक जमिनीवर उगवते. दोन वाकड्या नख्यांचे त्याचे वाळके फळ लहानपणी आपण सगळ्यांनी खेळायला घेतलेले आहे. काही ठिकाणी त्याला विंचू म्हणतात, काही ठिकाणी वाघनखी. तेही मूळचे मेक्सिकोकडचे. ओओधाम लोकांनी लांब नख्यांचे वाण निवडून निवडून त्याची चक्क लागवड केली, आणि तीही केवळ टोपलीसाठी. अशा रुंद टोपल्यांत ते गहू पाखडत. आपल्या सुपाचेच काम.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला वसलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी हिला नदीचे पाणी वळवले. नदीचे लोक नदीवाचून राहिले. शेते करपली, उपासमार आली. नदीकाठचे पाणकणीस आणि विलोही त्याच पाण्यावर जगत होते. धान्य पाखडायला धान्य नाही आणि टोपली करायला काडी नाही, अशी ती अवस्था होती. नेमक्या त्याच काळात रेल्वेने येणाऱ्या प्रवाशांना 'इंडियन' टोपल्यांचे वेड लागले. घरात लागणारी वस्तू बाजारात विकायची वस्तू झाली. त्या पाण्याचा कायदेशीर निवाडा व्हायला २००४ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकी संसदेने केलेल्या कायद्याने हिला नदीच्या या लोकांचा पाण्यावरचा हक्क मोठ्या प्रमाणात मान्य केला.

नवाहो लोकांच्या विधींत लागणारी टोपली आणखी वेगळी. तिला लग्नाची टोपली म्हणतात, पण ती लग्नापुरती नाही. इतरही विधींत ती हवीच. तांबड्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना काळ्या पायऱ्यांसारखी नक्षी असते, आणि मध्यापासून कडेपर्यंत त्या नक्षीत एक वाट मोकळी सोडलेली असते. विधीच्या वेळी ही वाट पूर्वेकडे यावी लागते. रात्री अंधारात ती कळणार कशी? त्यासाठी टोपलीचा शेवटचा वेढा बरोबर त्या वाटेच्या रेषेत संपवतात. विधी करणारा माणूस कडेवरून अंगठा फिरवतो. जिथे वेढा संपल्याचा उंचवटा लागतो तिथे वाट. टोपली बोटांनी वाचायची. आणि गंमत अशी की या टोपल्या बऱ्याच काळापासून नवाहोंपेक्षा त्यांचे शेजारी पायूट आणि यूट लोकच अधिक करतात. विधी एकाचा, वस्तू शेजाऱ्याच्या हातची. कोकणात गौरीच्या ओवशाला लागणारी सुपे कोण करते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

या साऱ्या इतिहासात एका बाईबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे. नेवाडा राज्यातल्या वाशो जमातीची लुइसा कीझर. जगाला ती 'दात-सो-ला-ली' या नावाने माहीत आहे. ती १९२५ साली वारली. कार्सन सिटी गावात एब कोन नावाचा तयार कपड्यांचा दुकानदार होता. १८९५ च्या सुमारास त्याने आणि त्याची बायको एमी हिने लुइसाच्या टोपल्या विकायला घेतल्या. घर, जेवणखाण कोन कुटुंबाने पुरवायचे आणि टोपल्या सगळ्या त्यांच्या, असा व्यवहार. लुइसाने 'देगिकूप' नावाचा आकार परमोच्च अवस्थेला नेला. बूड लहान, मग पोट फुगत जाऊन पुन्हा तोंडाशी तितकेच आवळलेले. विलोच्या पांढऱ्या जमिनीवर रेडबडची तांबडी आणि नेच्याच्या मुळांची काळी नक्षी, ज्वाळांसारखी वर चढत जाणारी. 'बीकन लाइट्स' ही तिची १९०४-०५ मधली टोपली अमेरिकेतल्या सर्वांत मोलाच्या टोपल्यांत मोजली जाते.

एमी कोनने प्रत्येक टोपलीची वही ठेवली, प्रमाणपत्रे दिली, पत्रके छापली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशी नोंद म्हणजे खजिना. पण पत्रकांत तिने कथाही रचल्या. लुइसा म्हणे राजघराण्यातली, देगिकूप म्हणे प्राचीन विधींचा आकार, आणि तो विणण्याचा अधिकार म्हणे फक्त तिला. गिऱ्हाईक खूश. नंतरच्या संशोधकांनी कागदपत्रे तपासली तेव्हा दिसले की त्या विधींना आधार नाही. शेजारच्या जमातींच्या टोपल्या पाहून, त्यांतले घेऊन आणि आपले घालून हा आकार लुइसाने स्वतः घडवला होता. म्हणजे 'प्राचीन परंपरा' या मोठ्या शब्दांखाली एका जिवंत कलावंताची स्वतःची करामत झाकली गेली. टोपली जितकी जुनी सांगावी तितकी महाग विकली जाते, आणि करणारी बाई तितकी कमी दिसते. आजही एखाद्या लाकडी वस्तूखाली 'पारंपरिक आकारावरून' एवढीच चिठ्ठी दिसली की मला एमी कोनची पत्रके आठवतात. परंपरेला हात असतात, आणि त्यांतल्या काही हातांची नावे आपल्याला माहीत आहेत.

आता लेथकडे येऊ. आपल्याकडे लाकूड कातणाऱ्याला कातारी म्हणतात. मराठीत सूतही कातायचे आणि लाकूडही कातायचे, क्रियापद एकच. दोन्हींत काहीतरी गरगर फिरते म्हणून असेल; पण आजच्या विषयाला हा शब्द किती नेमका बसतो पाहा. अमेरिकेत लेथ कारखान्यात होता, शाळेच्या कार्यशाळेत होता. त्यावर वाडगा कातणे ही कला म्हणून मान्य व्हायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. त्या पहिल्या मंडळींत बॉब स्टॉक्सडेल (१९१३–२००३) यांचे नाव फार मोठे. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरायला नकार दिल्यामुळे त्यांना अशा लोकांसाठीच्या छावणीत ठेवले होते, आणि तिथेच ते वाडगे कातू लागले. पुढे १९८६ साली कातकाम करणाऱ्यांची देशव्यापी संघटना, अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स, स्थापन झाली; हौशी लोकांची संख्या वाढली, आणि टोपलीचा आभास हा प्रकार हातोहात पसरला.

काम कसे चालते ते सांगतो. आधी ताट किंवा भांडे नेहमीसारखे कातून घ्यायचे. लाकूड फिकट आणि बारीक पोताचे हवे, म्हणून मेपल. मग अर्धगोल खाचेच्या पटाशीने पृष्ठभागावर एकाशेजारी एक अशी गोल कडी उठवायची. कड्यांमधल्या खाचेत, लाकूड फिरत असतानाच, ताणलेली तार दाबून धरली की घर्षणाने खाच जळून काळी होते. नंतर लेथ थांबवून, चाकाचे समान भाग पाडणाऱ्या तबकडीच्या आधाराने मध्यापासून कडेकडे पेन्सिलीने रेघा आखायच्या, आणि तापवलेल्या लेखणीने प्रत्येक कड्यावर ती रेघ डागायची. आता सगळा पृष्ठभाग बारीक घरांत विभागला गेला. कागदावर आखलेल्या नक्षीप्रमाणे एकेक घर शाईने भरायचे. शाई अशी हवी की लाकडाच्या रेषांतून पसरणार नाही. हिशेब करून पाहा. ३० सेंटिमीटर व्यासाचे ताट, ३ मिलिमीटरचे एक कडे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत सुमारे ५० कडी. रेघा १४४ धरल्या तर ७,२०० घरे. मध्याजवळ रेघा कमी कराव्या लागतात, तेवढी सूट द्या. तरी हे एकाच बाजूचे झाले. पालथी बाजू अजून बाकी आहे. कोणी याला सोपी नक्कल म्हणाले तर मी तरी मान डोलावणार नाही.

पण नक्कल कुठे थांबते तेही पाहण्यासारखे आहे. टोपलीचा वेढा हा एकच, सुरुवातीपासून शेवटापर्यंत अखंड चालत गेलेला. लेथवरची कडी मात्र सुटी सुटी, प्रत्येक आपल्याआपल्यात बंद. लेथला वर्तुळ जमते, वेटोळे जमत नाही. म्हणून लाकडी टोपलीला शेवट नसतो. नवाहो टोपलीच्या कडेवर जिथे अंगठा थबकतो ती जागाच तिच्यात नाही. दुसरी गोष्ट टाक्यांची. टोपलीत टाक्याची रुंदी साधारण तीच राहते आणि घेर वाढेल तसे टाके वाढत जातात. बाईला प्रत्येक फेरीत मनाशी मोजून नक्षी पसरवावी लागते. लाकडात रेघांची संख्या ठरलेली, त्यामुळे घरच रुंदावत जाते. मघाच्या ताटात मध्यापासून ३ सेंटिमीटरवर घर जेमतेम सव्वा मिलिमीटरचे, तर कडेला साडेसहा मिलिमीटरचे. चांगले कारागीर रेघा टप्प्याटप्प्याने वाढवून हा फरक झाकतात. जाणकार डोळा मात्र आधी तिकडेच जातो. फिनिक्सच्या हर्ड संग्रहालयात ओओधाम टोपल्या पाहताना मी मध्यापासून टाके मोजत गेलो आणि चौथ्या-पाचव्या फेरीतच हिशेब सोडून दिला. कागदावर काहीही न आखता हे कसे साधते, याचे उत्तर मला गणितात सापडले नाही.

स्टॉक्सडेल यांच्या घरची एक हकिकत इथेच सांगतो. १९७२ साली त्यांनी के सेकिमाची यांच्याशी लग्न केले. त्या विणकर, धाग्यांतून आणि कागदातून भांडी घडवणाऱ्या. जपानी वंशाच्या असल्यामुळे युद्धकाळात त्याही कुटुंबासह यूटा राज्यातल्या टोपाझच्या छावणीत डांबल्या गेल्या होत्या. नवरा छावणीत वाडगे कातू लागला, आणि बायकोचे तरुणपण तारेच्या कुंपणाआड गेले. सेकिमाची यांनी नवऱ्याच्या कातीव वाडग्यांचा साचा म्हणून उपयोग केला; त्यांवर तागाचे धागे, कागद बसवून हलकी, जवळजवळ पारदर्शक भांडी केली. म्हणजे इथे लाकूड टोपलीसारखे होत नव्हते, धागा लाकडाचा आकार घेत होता. १९९३ मध्ये दोघांच्या कामाचे एकत्र प्रदर्शन झाले. दोन माध्यमांची देवघेव बरोबरीने कशी होऊ शकते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

बरोबरीने हा शब्द मी मुद्दाम वापरला. अमेरिकेत १९९० साली 'इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्ट' झाला. मूळ रहिवाशांनी न केलेली वस्तू त्यांनी केली असे भासवून विकणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. एकट्या माणसालाही जबर दंड आणि कैद होऊ शकते. बाजारात नवाहो टोपलीच्या पाकिस्तानात केलेल्या स्वस्त नकला आल्या होत्या, त्यावरून अशा कायद्याची गरज समजते. पण कायदा चिठ्ठीला हात लावतो, आकाराला नाही. लाकडी टोपलीखाली कारागिराने स्वतःचे नाव लिहिले की तो मोकळा. ते योग्यच आहे असे मला वाटते. आकारांवर पहारे बसवले तर कार्ल्याचे लेणेच उभे राहिले नसते. आपल्या सावंतवाडीचे कारागीर पांगाऱ्याच्या लाकडाचा आंबा करतात, केळे करतात, त्याबद्दल झाड तक्रार करत नाही. मात्र विधीच्या टोपलीची गोष्ट आंब्यासारखी नाही. ती ज्यांची आहे ते लोक अजून आहेत, आणि त्यांना विचारता येते.

त्यांना विचारले तर ते काय सांगतात? मला जे वाचायला मिळाले त्यात लाकडी नकलेबद्दल राग फारसा नाही. त्यांची चिंता निराळी आहे. कॅलिफोर्नियाच्या पोमो जमातीत एल्सी ॲलन (१८९९–१९९०) नावाची विणकर होऊन गेली. अकराव्या वर्षी तिला दूरच्या निवासी शाळेत नेले, तिथे स्वतःची भाषा बोलायला बंदी. पोमोंमध्ये रीत अशी की बाई गेली की तिच्या टोपल्या तिच्यासोबत पुरायच्या. एल्सीच्या आजीच्या टोपल्या तशाच गेल्या. पण आई ॲनी बर्क हिने मरण्यापूर्वी मुलीला सांगून ठेवले, माझ्या टोपल्या पुरू नकोस, त्या दाखव, त्यांवरून शिकव. १९६२ साली आई गेली आणि एल्सीने तिचा शब्द पाळला. जमातीतल्या काही जणांना ते रुचले नाही. तरी तिने शिकवले, जमातीबाहेरच्यांनाही शिकवले, आणि १९७२ साली पोमो टोपल्यांवर पुस्तक लिहिले.

पुढे सोनोमा भागात वॉर्म स्प्रिंग्ज धरण व्हायचे ठरले. ज्या नदीकाठच्या गाळात पोमो बायका पिढ्यान् पिढ्या लव्हाळ्याच्या जातीच्या गवताची लांब मुळे खणत आल्या होत्या, तो काठच पाण्याखाली जाणार होता. टोपलीचे पांढरे टाके याच मुळांचे. विणकर बायकांच्या आग्रहामुळे ती रोपे उपटून दुसऱ्या जागी लावली गेली. १९९२ साली कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवासी विणकरांनी आपली संघटना काढली, आणि तिच्या मागण्या पाहिल्या तर त्यांत नक्षीच्या हक्कांपेक्षा रानाच्या गोष्टी पुढे दिसतात. सरकारी जंगलात काड्या गोळा करू द्या. पूर्वीसारखे झुडपे जाळू द्या, कारण जळून पुन्हा फुटलेला कोंबच सरळ, लवचीक येतो आणि म्हातारी वाकडी फांदी टोपलीला चालत नाही. आणि रस्त्याकडेला, जंगलात तणनाशक फवारू नका. यातली शेवटची मागणी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तिचा टोपलीशी संबंध कळेना. मग एका विणकर बाईचे छायाचित्र पाहिले. काडी उभी चिरायची तर तीन टोके धरावी लागतात. दोन टोके दोन हातांत होती आणि तिसरे दातांत.